आजाऱ्यांच्या भेटीचा पेला

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढी, म्हणून हसू नका. चर्चच्या मोठ्या पेल्याला जे जमत नाही ते काम माझ्याकडे होतं. जो आजारी माणूस चर्चपर्यंत येऊ शकत नाही, त्याच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस, घेऊन जायचं, त्यातला रस माझ्यातून. एका सोनाराने मला घडवलं, चांदीचा मुलामा दिला आणि निळ्या मखमलीच्या पेटीत भाकरीच्या तबकडीशेजारी बसवलं.

चर्चच्या पहिल्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, काळात मी फार हिंडलो. त्यांचा उपदेश यथातथाच असायचा. लोक डुलक्या काढत. पण कोणी अंथरूण धरलं की ते सायकलला पेटी अडकवून निघालेच! कितीतरी थरथरत्या ओठांना मी लागलो. एकदा एका सुताराच्या हातून पडलो, तेव्हाचा पोचा अजून माझ्या काठावर आहे. "पेल्याला बघा, माझ्यासारखंच पोक आलंय," असं म्हणून तो सुतार हसला होता. त्या पोच्याचा मला अभिमान वाटतो.

मग ते पाळक निवृत्त झाले आणि नवे आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. आवाज गोड, शब्द रेशमासारखे. ऐकायला परगावची माणसं येऊ लागली. नवे कर्णे आले, खुर्च्या वाढल्या. पेटी मात्र वेस्ट्रीच्या, म्हणजे वेदीमागच्या खोलीच्या, कपाटात सरकली, तिच्यावर तारांची भेंडोळी आली. मी काळा पडत गेलो.

त्या दिवसांत एक शिंपीणताई वेस्ट्रीत येत. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. त्या आजीबाईंनी जन्मभर चर्चमधल्या पोरांना गाणी शिकवली होती.

"साहेब, आई सारखी विचारते. एकदा प्रभुभोजन देऊन जाल का?"

"येतो ना ताई, याच आठवड्यात!" पाळक म्हणायचे, आणि ते खरंच मनापासून म्हणायचे. पण आज सभा, उद्या पाहुणे, परवा थकवा. आज नाही उद्या करता करता आजीबाई गेल्या.

अंत्यविधीला चर्च गच्च भरलं होतं. कपाट आणि वेदी यांच्यामध्ये एकच भिंत, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. पाळक बोलता बोलता रंगात आले आणि म्हणाले, "अगदी परवाच मी आजींच्या उशाशी बसलो होतो. त्यांनी माझ्या हातून प्रभुभोजन घेतलं आणि म्हणाल्या, 'आता माझी काही तक्रार नाही. लेकीने माझं सगळं केलं.'"

लोक हुंदके देऊ लागले. मी कपाटात गारठून गेलो. कारण मी तर तारांच्या भेंडोळ्याखाली होतो!

काही दिवसांनी शिंपीणताई आल्या. मला वाटलं, आता या पाळकांना चांगलंच फैलावर घेणार. झालं उलटंच.

"साहेब, मला माफ करा," त्या म्हणाल्या. "मी दिवसभर दुकानात असायचे. आईला शेवटी शेवटी काही आठवत नसे. मला वाटलं, तुम्ही आलाच नाहीत. उगाच तुमच्यावर राग धरून बसले. आता एकच मागणं आहे. आईने ज्या पेल्यातून घेतलं, त्यातूनच मला एकदा द्याल?"

खरं बोलायची ती वेळ होती. पाळकांच्या ओठांवर आलंही असेल. पण ते म्हणाले, "हो ताई. रविवारी दुपारी या."

शनिवारी त्यांनी मला बाहेर काढलं. पेटीची कडी गंजली होती, ती चाकूने उचकटावी लागली. दात घासायची पावडर आणि जुना फडका घेऊन ते मला घासत बसले. मित्रांनो, मला लाज वाटते, पण मी आधी फुलून गेलो. इतक्या वर्षांनी माणसाचा हात लागला होता! कितीतरी वेळाने माझ्या ध्यानात आलं की हा लाड माझा नाही. माझा काळेपणा त्यांचं बिंग फोडील, म्हणून हा खटाटोप चालला होता.

रविवारी ताई आल्या. पाळकांनी माझ्यात द्राक्षरस ओतला. ताईंनी मला दोन्ही हातांनी उचललं.

"किती लख्ख ठेवलाय तुम्ही! आईला बरं वाटलं असेल हो."

मी त्यांच्या ओठांपाशी होतो, तेवढ्यात पाळक म्हणाले, "थांबा, ताई. मी आलो नव्हतो."

ताईंना आधी कळलंच नाही.

"मी तुमच्या आईकडे गेलोच नव्हतो. चर्चमध्ये बोललो ते सगळं मी रचलं होतं."

ताईंनी मला हळूच खाली ठेवलं.

"तुम्ही आला नाहीत, ते मी पचवलं असतं," त्या म्हणाल्या. "कामं असतात माणसाला. पण 'लेकीने सगळं केलं' या शब्दांच्या आधारावर मी रोज झोपत होते, साहेब. आता आई माझ्याविषयी खरंच काय म्हणाली असती, ते मी कोणाला विचारू?"

पाळक हात जोडून उभे राहिले आणि ताई निघून गेल्या.

पुढच्या रविवारी पाळकांनी सगळ्या मंडळीपुढे आपला खोटेपणा कबूल केला. काही कुटुंबं चर्च सोडून गेली. आता ते रोज पेटी काखोटीला मारून आजाऱ्यांकडे जातात. मी पुन्हा ओठांना लागतो, याचा आनंद मला आहेच. पण वाटेत ताईंच्या घरी गेलो की त्या खुर्ची देतात, पाणी देतात आणि पेटी उघडू देत नाहीत. पाळकही आग्रह करत नाहीत.

म्हणून सांगतो, मित्रांनो, मला नुसतं घासूनपुसून ठेवू नका. चेपलो तरी चालेल, डागाळलो तरी चालेल. पण कोणी वाट पाहत असेल तर मला वेळेवर त्याच्याकडे न्या. माझा काळेपणा चिमूटभर पावडरीने निघाला. त्या आजीबाई मात्र दाराकडे बघत बघतच गेल्या.