पाच ते सहा : छंद

बोंबील वाळत घालताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात.

खडूच्या पेटीत निळी कांडी सगळ्यात आधी संपते. जांभळी कधीच संपत नाही.

बाळाजी मास्तर प्रार्थना झाल्यावर मनगटी घड्याळाला चावी देतात, आणि देताना हात जरा वर धरतात.

भरती रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा येते.

बेडकाचं आतडं पिवळं रंगवायचं.

या गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. तो लागला एका व्याख्यानामुळे. गाव चौलच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी, साल अठ्ठावन्न. गावातल्या हायस्कुलाने छंद सप्ताह साजरा करायचं ठरवलं, कारण अलिबागहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते आणि साहेबांना छंद आवडतात असं कुणीतरी कळवलं होतं. भूगोल शिकवणाऱ्या बाळाजी मास्तरांनी लगोलग व्याख्यान लिहायला घेतलं : 'विद्यार्थ्यांनी छंदासाठी वेळ कसा काढावा'. मास्तरांना स्वतःला कसलाच छंद नव्हता, त्यामुळे लिहायला भरपूर वेळ मिळाला.

व्याख्यानाला चित्र हवं. चित्र म्हटलं की कोकिळा. सदा नाखव्याची ही मुलगी मॅट्रिकच्या वर्गात होती. कोळीवाड्यातून तिथवर पोचलेली एकटीच. शाळेच्या भिंतींवर जे काही टांगलेलं होतं ते तिने काढलेलं होतं. भारतातल्या नद्या, बेडकाची पचनसंस्था, पंचवार्षिक योजनेतलं धरण. आणि 'सुस्वागतम्'. 'सुस्वागतम्' तिने इतक्यांदा रंगवलं होतं की या शाळेला येणाऱ्या-जाणाऱ्याचा एवढा आनंद का होतो, हे तिला कोडंच होतं. सगळे म्हणत, कोकिळेला चित्रकलेचा काय छंद आहे. स्वतःचं म्हणून एकही चित्र तिला गेल्या दिवाळीपासून पुरं करता आलं नव्हतं.

अकरा ते पाच : शाळा

मास्तरांनी तिला समोर बसवून काय हवं ते सांगितलं. पुठ्ठ्याएवढ्या जाड कागदावर एक मोठं घड्याळ. त्याच्या चोवीस फाका. प्रत्येक फाकेला वेगळा रंग. आदर्श विद्यार्थी केव्हा उठतो, केव्हा वाचतो, केव्हा आईला मदत करतो, सगळं त्यात. आणि संध्याकाळची पाच ते सहा ही फाक लाल : छंद.

कोकिळेने सांगून पाहिलं. षष्ठीला होड्या पाचला लागतात, तेव्हा मासळी निवडायला बसावं लागतं. पुनवेला त्या दुपारीच येतात. कोळ्याच्या घरात रिकामी घटका रोज पुढे सरकते, पाण्याबरोबर. कधी ती पहाटे सापडते, कधी नेमकी भूगोलाच्या तासाला.

मास्तरांनी हे ऐकून घेतलं नाही. ते म्हणाले, "वेळ काढला की निघतो, कोकिळे."

जसा काही पायात मोडलेला काटाच, तिच्या मनात आलं. सुई घेतली, टोकरलं, निघाला.

खरी अडचण तिने शेवटी काढली. साहेब येणार तो शनिवार, आणि चित्र ज्याने काढलं त्यानेच शेजारी उभं राहून साहेबांना ते समजवायचं होतं. त्याच शनिवारी अलिबागला चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा होणार होती. एलिमेंटरी ती मागेच पास झाली होती. ही परीक्षा यंदा नाही तर पुन्हा नाही, कारण मॅट्रिक झाली की तिला थळला द्यायचं घरात ठरत आलं होतं, आणि परीक्षेला पाठवणारं सासर अजून त्या किनाऱ्यावर कुणी पाहिलेलं नव्हतं.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. "परीक्षा दरवर्षी येते. साहेब दरवर्षी येत नाहीत."

तिने मान हलवली. शाळेत मान हलवायची, एवढं ती पहिल्या दिवशीच शिकली होती.

पाच ते सहा : छंद

या वेळात तिने 'पाच ते सहा : छंद' ही अक्षरं रंगवली.

मग तिला युक्ती सुचली. घड्याळ बिघडवायचं. इतकं की मास्तर चिडून ते नामाकडे देतील. नामा हा शाळेच्या कारकुनाचा मुलगा, मास्तरांचा लाडका. त्याने वर्तुळ काढलं की ते वांग्यासारखं व्हायचं. वांग्याशेजारी उभं राहायचं तर नामाच उभा राहील आणि ती आपली एस. टी. पकडील.

तिने हिरव्या फाकेवर मुद्दाम बोट फिरवलं. रंग रेघेबाहेर गेला. कागद घाण दिसला, तिला बरं वाटलं. पाच मिनिटांनी पाहते तर तिच्याच हाताने तो डाग कापसाने पसरवून पसरवून त्याची छटा केली होती, आणि घड्याळ आता सपाट न राहता मडक्यासारखं फुगलेलं, गोल दिसत होतं. तिने काटा वाकडा काढला. हाताने तो नीट केला. आकडे लहानमोठे केले. पुन्हा खोडून सारखे केले. मास्तरांची तिला कीव यायची, पण या हाताची तर शिसारी आली. साधा हुजऱ्या. दारात कुणीही उभा राहो, हा आपला वाकून हजर. चांगलं काम करायला त्याला चांगलं कारणसुद्धा लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर घड्याळापुढे मागे-पुढे झाले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. असं काम मुंबईतही होत नाही, म्हणाले. मास्तर मुंबईला एकदाच गेले होते, मुळव्याधीसाठी. मग त्यांनी ठरवून टाकलं की शनिवारी हातात छडी घेऊन या चित्राशेजारी कोकिळाच उभी राहील आणि छंदाला वेळ कसा काढते ते साहेबांना सांगेल.

सहा ते सात : आईस मदत

वाळवणीच्या मांडवाखाली तिची आई नीराबाई दोरीवर बोंबील टाकत होती आणि कोकिळा जोड्या लावून देत होती. आईने तोंड का पाडलंस म्हणून विचारलं. कोकिळेने सगळं सांगितलं : घड्याळ, चोवीस फाका, लाल फाक, साहेब, परीक्षा.

नीराबाईला घड्याळाचं फार हसू आलं. तिने दोनदा विचारून घेतलं की जेवायची फाक केवढी आणि शेजारणीशी भांडायची ठेवलीय की नाही.

"छंदाचा टाइम," ती म्हणाली. "हिथं मुताया टाइम न्हाय. त्यो तुजा मास्तर कंदी सुपात मासली घेऊन बसलाय?"

"आये, मी जाऊ का न्हाय ते सांग."

"मना का इचारतेस? लोकांना इचारलास का लोक न्हाय म्हनतात. जायाचा तं जा." मग तिने आणखी एक जोडी दोरीवर टाकली. "पन सांजची मासलीची पाटी तुज्या डोक्याव. मी न्हाय नेनार."

यात माया किती आणि व्यवहार किती, हे कोकिळेने मोजलं नाही. चित्र हे नीराबाईच्या लेखी खूळच होतं. मास्तराचं खूळ आणि पोरीचं खूळ यांत तिला एवढाच फरक दिसत होता की पोरगी घरची होती.

सकाळी सहा ते आठ : अभ्यास

शनिवारी या वेळात कोकिळा एस. टी.च्या मागच्या बाकावर होती. शेजारी एका बाईची कोंबडी टोपलीतून मान काढून तिच्या खडूच्या पेटीवर चोच मारत होती. शाळेत कुणाला काही सांगितलं नव्हतं. घड्याळ भिंतीवर होतं, छडी टेबलावर होती. आणखी काय हवं होतं त्यांना.

अकरा ते पाच : शाळा

परीक्षेच्या खोलीत स्टुलावर एक कळशी, एक भोपळा आणि घडी घातलेला टॉवेल ठेवलेला होता. वकिलांची वाटावीत अशी दोन पोरं रंगांच्या नव्याकोऱ्या पेट्या उघडून एकमेकांना दाखवत होती. कोकिळेने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांची नावं विचारायची नाहीत असं ठरवलं.

घंटा झाली. कागद पुढे आला. आणि कुणीच तिला हाक मारली नाही.

बराच वेळ गेला तरी कुणी हाक मारली नाही. निवडायला ये, पाणी भर, अक्षरं मोठी काढ, कुणी काही म्हणेना. असा सलग वेळ तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. तो कसा वापरतात हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून हाताने नेहमीसारखं भरभर उरकलं, आणि अर्ध्या वेळातच कळशी, भोपळा, टॉवेल तयार झाले. तिने कागद लांब धरला.

भोपळा बेडकासारखा दिसत होता. म्हणजे भोपळ्यासारखाच, पण तक्त्यातला. कडा ठळक, आत रंग सपाट भरलेला, एक कण बाहेर नाही. खाली नावं तेवढी लिहायची राहिली होती : अ) कळशी, ब) भोपळा. तीन वर्षं ज्या कामाला ती तुच्छ मानत आली, ते काम तिच्या बोटांत येऊन बसलं होतं आणि तिला पत्ताही नव्हता. मास्तरांवर हसणं सोपं होतं. हे हसण्यासारखं नव्हतं.

तिने रबर घेतलं आणि सगळं खोडलं. कागद काळवंडला. मग ती नुसती बघत बसली. कळशीच्या पोटावर खिडकी वाकडी होऊन पडली होती, ती बघत बसली. पर्यवेक्षकांनी येऊन विचारलं, बरं वाटत नाही का. उरलेल्या वेळात तिने जे काढलं ते अर्धवट होतं. टॉवेल झालाच नाही. भोपळा एका बाजूने धुरकट राहिला. पण तो जड होता. स्टुलावर खरोखर बसलेला होता.

निकाल पुढे लागला तेव्हा ती पास होती, सगळ्यात खालच्या श्रेणीत. वैशाखात ती थळला नांदायला गेली. त्या घरी दोन होड्या होत्या, आणि इथल्याइतकीच मासळी.

(या वेळेची फाक घड्याळात नाही)

त्या शनिवारी शाळेत छडी नामाने धरली. साहेबांनी घड्याळ फार वाखाणलं आणि कुणी काढलं म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, आमच्याच एका विद्यार्थिनीने, फावल्या वेळात. टाळ्या झाल्या.

सोमवारी मास्तरांनी कोकिळेला बोलावलं. न सांगता गेल्याबद्दल ते बोलणार होते, पण त्यांच्याकडे त्याहून मोठं काम होतं. साहेबांनी तालुक्यातल्या प्रत्येक शाळेसाठी असं एकेक घड्याळ मागितलं होतं. कागद आलेच होते. कोकिळेने पुढल्या आठवड्यात सुरुवात करावी.

"मला वेळ नाही, सर," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं ही विनवते आहे, म्हणून ते मऊ आवाजात बोलले. "अगं, रोज थोडं थोडं. पाच ते सहा काय करतेस?"

"छंद."

ती वर्गात जाऊन बसली. मास्तर कागदांची गुंडाळी काखेत धरून नामाला शोधायला गेले.

त्या शाळेत चित्रकलेचा पहिला शिक्षक १९६४ साली नेमला गेला.