एकतीस सेकंदांचे बाबा

अग्वादास गावच्या चौकापासून दोन गल्ल्या खाली नूबिया लोंदोन्योचं कॅफे होतं. पाच टेबलं, कॉफीचं एक जुनं यंत्र आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेले तिचे वडील, एलिएसेर. बसथांब्याजवळ नवं चकचकीत दुकान झालं आणि हिची गिऱ्हाइकं हळूहळू तिकडे वळली.

"मावशी, नुसता कप नको दाखवू," मानिसालेसहून तिची भाची येसेनिया फोनवर सांगायची. ती तिथे एका चपलांच्या दुकानाच्या जाहिरातींचं काम बघायची. "पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे."

"माझ्या दारात कोणी थांबेना, फोनवर कशाला थांबतील?"

तरी चार महिने नूबियाने नेटाने व्हिडिओ टाकले. गरम चीजपाव मोडताना निघणारी वाफ, दुधाच्या फेसावर काढलेलं पान, जे कोबीसारखं दिसायचं. एकोणीस जणांना आवडलं, त्यातले सहा घरचेच.

एका मंगळवारी तिने फोन साखरेच्या बरणीला टेकवून चालू ठेवला होता. वाफेचं चित्रण चाललं होतं, तेवढ्यात बाबा मध्ये आले. खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर त्यांनी काळी कॉफी ठेवली आणि शेजारी बसलेल्या, रोज येणाऱ्या रिगोबेर्तो सरांना विचारलं, "लिबानोची गाडी आली का हो? विल्मार यायचाय."

"अजून नाही, काका. धुकं आहे ना, उशीर होणार."

"मग झाकून ठेवतो," म्हणत बाबांनी कपावर बशी पालथी घातली.

विल्मार नूबियाचा भाऊ. बावीस वर्षांपूर्वी कॉफीच्या तोडणीला लिबानोला गेला, तो परतलाच नाही. प्रेत नाही, कागद नाही. गेल्या तीन वर्षांत बाबांच्या डोक्यातून घर, शेत, बायकोचं मरण असं एकेक निसटलं. ती गाडी मात्र राहिली.

एकतीस सेकंदांचा तो तुकडा नूबियाने दुपारभर पुन्हा पुन्हा पाहिला. यावर माणूस थांबणार, हे तिला कळलं होतं. 'माझे बाबा माझ्या भावाची, विल्मारची, वाट बघतात,' एवढं लिहून तिने तो टाकला.

आठवड्यात दोन लाख लोकांनी पाहिला. शनिवारी दारात रांग लागली, पार पेरेइराहून माणसं आली. सगळ्यांना खिडकीजवळचंच टेबल हवं. "आजोबा, बशी परत झाका ना, नीट आलं नाही." बाबा परत झाकायचे. नूबियाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं.

"बाबांना विचारलंस का तू?" रिगोबेर्तो सर एकदा म्हणाले.

"त्यांना काय कळतंय, सर."

"म्हणून तर विचारतोय." त्यानंतर सर आले नाहीत.

चौथ्या शनिवारी एक तरुण खिडकीशी बसला. त्याचा मित्र समोरून चित्रण करत होता. बाबांनी गाडीचं विचारलं, तसा तो हसून म्हणाला, "आली की. बाबा, मीच विल्मार."

नूबिया हातात ट्रे घेऊन जागीच उभी राहिली. बाबांनी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला. "किती वाळलास रे," म्हणाले आणि रडायला लागले. त्या मुलाचं हसू मावळलं. पुढचं काही त्याने ठरवलंच नव्हतं. "येतो जरा," असं पुटपुटत तो बाहेर सटकला.

नूबियाने धावत जाऊन त्याची बाही धरली. "ते टाकू नका. हात जोडते."

"ताई, पण किती सुंदर झालंय. लोक रडतील."

संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे पोचलं. नूबियाने आपला व्हिडिओ काढून टाकला. दुसऱ्यांचे काढणं तिच्या हातात नव्हतं. त्या मुलाला तिने तीनदा लिहिलं. उत्तरात एक लाल बदाम आला.

बाबांनी पुन्हा गाडीचं विचारलं नाही. "आला होता," ते भेटेल त्याला सांगायचे. "थांबला नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार."

"बाबा, तो विल्मार नव्हता."

"मला माझं पोरगं ओळखता येत नाही?"

तिने रोज सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. बाबा वरच्या घरातून खाली कॅफेत यायचे बंद झाले, मग जेवायचे. आजोबा दिसत नाहीत म्हणून लोक शिव्या लिहून निघून गेले. "कॅफेबद्दल काहीतरी टाक ना, मावशी," येसेनिया म्हणाली. "लोक विसरतात."

जानेवारीत नूबियाने यंत्र विकलं आणि जागा सोडली. मार्चमध्ये बाबा गेले.

दफनाला शेजारपाजारचे आठदहा जण होते, रिगोबेर्तो सरही होते. शिवाय फुलं घेऊन आलेल्या दोन अनोळखी बाया. त्यांतली एक नूबियाला मिठी मारून खरोखरच रडली. मग डोळे पुसत हळूच म्हणाली, "एक फोटो घेतला तर चालेल ना?"

नाही म्हणायला नूबियाने तोंड उघडलं. तोवर बाईने फोन वर केला होता.