देवचाराची दुपार

वाडीची शीव राखणाऱ्या देवचाराची उंची रात्री माडापेक्षा हातभर जास्त भरायची. पहाटे तो माणसाएवढा होई, आठ वाजता पाच वर्षांच्या पोराएवढा आणि बरोबर बाराला वीतभर. दुपार कलली की सावल्यांबरोबर तोही पुन्हा वाढू लागे. उन्हाने तो भाजत नसे, मरतही नसे. नुसता आटायचा, चुलीवर ठेवलेल्या दुधासारखा. डोळे मात्र फार चुरचुरत. म्हणून उजाडायच्या आत तो फणसाच्या ढोलीत शिरे तो तिन्हीसांजेलाच बाहेर येई. दिवसा आपण डोंगरापलीकडे शिकारीला जातो, असं त्याने तीनशे वर्षांपूर्वी एकदा सांगून ठेवलं होतं. डिचोली आणि शिरगावच्या मधल्या त्या वाडीत ते सगळ्यांनी मानलंही होतं.

१९७४ सालच्या मार्गशीर्षात, दिवेलागणीला, सुलोचना फणसाखाली आली. सुलोचना म्हणजे जानकीची मुलगी, गावच्या शाळेत शिक्षिका. बाप ती तान्ही असतानाच गेला. जानकी खाणीवर रातपाळीला गेली की देवचार तिच्या पायरीवर येऊन बसायचा आणि त्याच्या कांबळ्यात ही पोर निजायची. तिला खांद्यावर घेऊन त्याने पणजीचे दिवे दाखवले होते. बाकीचे लोक त्याला राखणदार म्हणत. ती आजा म्हणायची.

तिने दगडावर पोदेराच्या भट्टीतला उंडो, गोल पाव, ठेवला, विडी पेटवून दिली आणि म्हणाली, "सही मंगळवारी. डिचोलीच्या कचेरीत, बारा वाजता. माका तू थंय व्हयो."

गोव्यात आधी कचेरीत लग्नाची सही होते, मांडवातलं लग्न नंतर लागतं. पोर्तुगीज गेले, हा कायदा राहिला. मांडवानंतर सुलोचना मोप्याला जाणार होती, पोस्टात नोकरी करणाऱ्या कृष्णनाथाच्या घरी. देवचाराची शीव डिचोलीच्या बाजारापाशी संपत होती. मोपा तिच्या पार पलीकडे.

"बाराक?" देवचाराने एक लांब झुरका घेतला. "मंगळवारी माका शिकार आसा."

"खंय?"

"डोंगरापलीकडे."

"आजा, त्या ढोलीत शिकार मिळता?"

विडीची राख उंड्यावर पडली तरी देवचाराचं लक्ष नव्हतं.

"सात वर्सांची आसताना बघलंय तुका," सुलोचना म्हणाली. "दुपारची काजीचे बोंडू काढूक इल्लंय. तू घोरत होतंस. ऊन तोंडार येत होता म्हणान मी करमलाची मोठी पानां लावून गेलंय."

"कितीसो होतंय मी?"

"सरड्याएवढो."

"सरडो म्हणू नको. खारीएवढो म्हण."

"बरां. खारीएवढो."

पानं वाऱ्याने येऊन अडकतात, असं देवचार सोळा वर्षं समजत होता. एव्हाना काळोख पडून तो माडाएवढा झाला होता. वरून त्याने विचारलं, "मगे काळोखात माझ्यावांगडा चलताना भियालंस नाय? ह्येच्यान काय होतला म्हणान?"

"रातचो तू मोठोच आसतंस मरे," सुलोचना म्हणाली. तिच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

त्याने वाकून विडी दगडावर विझवली. मग म्हणाला, "येतंय. पण हातात धरून कोणाक दाखवचंस नाय."

मंगळवारी सकाळी दहाला ती काळी छत्री घेऊन ढोलीपाशी आली. जुन्या खिडकीला काचेऐवजी लावलेले शिंपले घासून तिने त्याच्यासाठी चष्मा केला होता. दोऱ्याने तो कानांमागे बांधला; देवचाराच्या अंगावर चढलेली वस्तू, कांबळ्यासारखीच, त्याच्या मापाची होई. शिंपल्यांतून ऊन चांदण्यासारखं मऊ दिसत होतं. देवचार छत्रीच्या काडीला वाघळासारखा लटकला. कारेरीत बसताना तिने छत्री मिटली तेव्हा आतून कुरकुर ऐकू आली, पण बसच्या खडखडाटात ती कुणाला समजली नाही.

घोटाळा झाला तो कचेरीच्या दारात. "छत्री भायर," आतून कारकून गोकुळदास म्हणाला. तिथे तसा नियमच होता. सुलोचनाने दोनदा विनवलं. तिसऱ्यांदा तिचं नाव पुकारलं गेलं आणि तिला छत्री व्हरांड्यातल्या खुंटीला अडकवून आत जावं लागलं.

मिटल्या छत्रीत अंधार होता, गारवा होता. कुणाला दिसायची भीती नव्हती. पण तिथून सुलोचनाही दिसत नव्हती. आत कागद सरकल्याचा आवाज झाला. देवचाराने छत्रीच्या घडीतून डोकं बाहेर काढलं, खुंटीवरून व्हरांड्यातल्या उघड्या खिडकीच्या चौकटीवर उडी मारली. चष्मा खाली पडला. तो घ्यायला थांबला असता तर सही हुकली असती. डोळे किलकिले करत तो चौकटीवरून टेबलावर उतरला आणि दौतीच्या आडोशाला उभा राहिला. पलीकडच्या भिंतीतली खिडकी काचेची होती. सूर्य बरोबर टेबलावर. एरवी ढोलीत वितीवर थांबणारा देवचार आज बोटभर उरला. एवढा लहान तो जन्मात झाला नव्हता.

"सगळीकडे झुरळां," असं म्हणत गोकुळदासाने टीपकागदाचा ठोकळा उचलला.

तो खाली यायच्या आत एक हात आडवा आला. कृष्णनाथाचा. देवचाराची गोष्ट सुलोचनाने त्याला सांगितली होती आणि तो पोट धरून हसला होता. आता त्याने डावा तळवा ओंजळीसारखा वाकवून देवचारावर धरला, आणि अंगठा जरा उचलून फट ठेवली.

त्या सावलीतून, त्या फटीतून, देवचाराने सुलोचनाला पहिल्यांदा दिवसाउजेडी, चष्म्याशिवाय पाहिलं. तिच्या कपाळावर लहानपणी पडल्याचा व्रण होता. पडली ते त्याला माहीत होतं, व्रण राहिला हे नव्हतं. आणि तिचे डोळे काळे नव्हते, घारे होते. तेवीस वर्षं तो ते काळेच समजत आला होता. तिने लेखणी उचलली, छत्री होती त्या दाराकडे एकदा पाहिलं, मग कृष्णनाथाच्या तळव्याकडे पाहिलं, आणि सही केली.

"हात काढ रे. कागद हलता," गोकुळदास कृष्णनाथाला म्हणाला.

"ऱ्हांव दी. ऊन लागता."

"कोणाक?"

"हिच्या आज्याक."

मागच्या बाकावर धाकू बसला होता, म्हातारा साक्षीदार, ऊन तोंडावर घेऊन पेंगत. गोकुळदासाने त्याच्याकडे पाहिलं, उठला आणि खिडकीचं लाकडी दार ओढून घेतलं. "आदीं सांगूंक जाय न्हय?" तो म्हणाला. कृष्णनाथाने डावा हात तसाच ठेवून उजव्याने सही केली.

शिक्के, नकला, चहा यांत चार वाजले. परतीची कारेर साडेचारची. तोवर देवचार पाच वर्षांच्या पोराएवढा झाला होता. तो छत्रीत मावणं शक्य नव्हतं. सुलोचनाने शोधून आणलेला चष्मा त्याला घातला, त्याचं कांबळं त्याच्या डोक्यावरून ओढलं आणि त्याला दोघांच्या मध्ये बसवलं. चष्म्याची एक बाजू तडकली होती.

कंडक्टर आला. चष्म्याकडे, कांबळ्याकडे पाहून म्हणाला, "ह्यो कोणाचो?"

देवचार ताठ झाला. तीनशे वर्षं तो शीव राखत आला होता; तो कोणाचा, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

"आमचो," सुलोचना म्हणाली. कृष्णनाथानेही मान डोलावली.

कंडक्टरने दोन पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडलं. अर्धं त्याने देवचाराच्याच हातात दिलं आणि पुढे गेला. देवचाराने ते उलटसुलट करून पाहिलं, कांबळ्यात खोचलं. मग त्याने सुलोचनाच्या मांडीवर डोकं टेकलं. रस्त्यावर ट्रकांची धूळ तांबडी होत चालली होती. वाडी यायला अजून दोन वळणं होती आणि सूर्य झपाट्याने उतरत होता. पाय लांबू लागल्याचं देवचाराला जाणवलं. कंडक्टरला दिसू नयेत म्हणून त्याने ते सीटखाली दुमडून घेतले आणि डोळे मिटून निजल्यासारखा पडून राहिला.