दुधाच्या वेळा लिहिलेला पुठ्ठा

तुम्हाला मूल नकोच असतं. तुम्हाला हवं असतं एक गप्प बसणारं गाठोडं. ठरल्या वेळी पिणारं, ठरल्या वेळी झोपणारं आणि पाहुणे आले की हसणारं. ते रडलं की तुम्हाला त्याची भूक दिसत नाही, तुमची गैरसोय दिसते. आणि ते रडायचं थांबलं की तुम्ही म्हणता, "किती शहाणं आहे!" लाज वाटायला हवी तुम्हाला. मला तर वाटते, आणि मी साधा पुठ्ठा आहे.

हो, मी केळीच्या खोक्याचा पुठ्ठा बोलतोय. खोक्याचा खालचा भाग वेगळा आणि वरचं झाकण वेगळं असतं. मी झाकणाचा. माझ्या अंगाला चार मोठी गोल भोकं आहेत. ती कुणी हौसेने पाडलेली नाहीत. झाडावरून उतरवलेलं केळंसुद्धा श्वास घेतं, कोंडलं तर आतल्या आत काळं पडतं, म्हणून कारखान्यातच ती पाडतात. फळाला मोकळीक लागते, एवढं त्या यंत्रालाही कळतं. यंत्राचं मी कौतुक करतोय, हे लक्षात ठेवा. माणसांचं करायची वेळ अजून आलेली नाही.

मी सावद्याच्या एका पॅकहाऊसमध्ये आलो. तिथे घडाच्या फण्या काढायच्या, तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, वजन करून खोक्यात भरायच्या. माझ्या भावंडांखाली केळी भरली गेली आणि ती समुद्रापार गेली. माझा एक कोपरा हौदाच्या पाण्याने भिजला, तेवढ्यावरून मला बाजूला फेकलं. मला फेकणारा सुपरवायझर म्हणजे प्रेमराज. कृषी पदवीधर. बोलायला गोड, कपड्यांना कडक इस्त्री, आणि कोणत्याही गोष्टीचा तक्ता केल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. कोणत्या बागेचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा, कोणतं खत ठिबकमधून किती मिनिटं सोडायचं, सगळं त्याच्या भिंतीवर लिहिलेलं.

त्याच आठवड्यात त्याच्या बायकोला, रत्नाला, माहेरी दोंडाईच्याला मुलगी झाली. अठ्ठावीसशे ग्रॅम वजनाची, चांगली ठणठणीत. प्रेमराजने मला उचललं, पुसलं आणि माझ्यावर पांढरा कागद चिकटवला. चारही भोकं बुजली. मग पट्टी घेऊन रकाने आखले. सहा वाजता दूध, साडेसहा ते साडेनऊ झोप, दहा वाजता दूध, असं दिवसरात्र चार-चार तासांनी. फोनवर त्याने कुठेतरी वाचलं होतं की बाळाच्या वेळा ठरवाव्यात, पण ताठर नको, लवचीक असाव्यात. म्हणून त्याने वर मोठं शीर्षक दिलं : लवचीक वेळापत्रक. आणि ते लिहिलं कशाने? न पुसल्या जाणाऱ्या मार्करने.

शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा असाच असतो. शब्द नवा घेतो, हात मात्र जुनाच चालवतो.

मला मांडीवर घेऊन तो रेल्वेने दोंडाईच्याला आला, तो नेमका पाचवीच्या दिवशी. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणतात. रत्नाच्या आईने, द्रौपदाबाईंनी, पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, देवीला लिहायला. त्याच्या मागे, भिंतीला टेकवून, प्रेमराजने मला उभं केलं. सटवाईने येऊन काय लिहायचं? तिच्या आधी जावई लिहून मोकळा झाला होता.

शेजारचे चिंधानाना ओट्यावर बसले होते. स्टेशनवर झेंडी दाखवण्यात त्यांचा जन्म गेला, आता निवृत्त. मला बघून ते खो-खो हसले. "द्रौपदा, तुना जावाई पेढा नही, पुठ्ठा लई उना व!"

"नाना, शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी लागते," प्रेमराज म्हणाला.

"लाव, बापा, लाव," नाना म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

प्रेमराज दुसऱ्या दिवशी सावद्याला परतला. जाताना रत्नाला सांगून गेला, "प्रत्येक रकान्यात खूण कर आणि संध्याकाळी मला फोटो पाठव."

आता रत्नाबद्दल. ती बी.एस्सी. झालेली, समजूतदार मुलगी. आपली लेक 'कशीही' वाढू नये, नीट वाढावी, अशी तिची तळमळ होती. तळमळ खरी होती, म्हणूनच मला जास्त राग येतो. ढोंगी माणूस नियम पाळत नाही, त्याचं मूल वाचतं. प्रामाणिक माणूस मूर्ख नियमसुद्धा मनापासून पाळतो.

पोरगी दुपारी बारालाच मूठ तोंडात घालायची. मान वळवून छातीकडे तोंड न्यायची. चुटूचुटू आवाज करायची. हे सगळं भूक लागल्याचं सांगणं होतं, आणि ते इतकं स्पष्ट होतं की मला, डोळे बुजलेल्या पुठ्ठ्यालाही कळत होतं. पण दुधाची वेळ दोनची. मग झोळीला झोके सुरू. पोरगी रडायची, दमायची, झोपायची. दोन वाजता उठवलं की थोडं चोखायची आणि पुन्हा डोळे मिटायची. भुकेने दमलेलं मूल पोटभर पीत नाही. रकान्यात खूण मात्र पडायची.

"पोरले भूक लागनी शे व, दे तिले," द्रौपदाबाई म्हणायच्या.

"आजून पाऊण तास शे, माय. त्या संध्याकायले फोटू मांगतस ना."

आणि द्रौपदाबाई गप्प व्हायच्या. चार लेकरं वाढवलेली बाई! तिच्या एका हाताच्या अनुभवापुढे प्रेमराजचे सगळे तक्ते कचरा. पण तक्ता जावयाचा होता. जावयाच्या शब्दाला हात कसा लावायचा? जावयाचं ताट आधी, जावयाचं पाणी आधी, जावयाचा मान आधी. त्या मानाखाली एक पाच दिवसांची पोर दबली तरी चालेल, पण मान दबता कामा नये. अशा मर्यादेला मी थुंकलो असतो, पण पुठ्ठ्याला तोंड नसतं.

आणि गंमत बघा. माझ्यावर झोपेच्याही वेळा होत्या. त्या मात्र कुणी पाळल्या नाहीत. गल्लीतल्या बाया यायच्या, झोपलेल्या पोरीचं तोंड उघडं करायच्या, गाल ओढायच्या. "नाक बापानं शे." "नही व, आजीनं शे." पोरगी दचकून उठायची. पाहुण्यांसाठी वेळापत्रक लवचीक होतं. ताठ होतं ते फक्त भुकेसाठी.

सातव्या दिवशी घरोघरी बाळांचं वजन करणाऱ्या आशा कार्यकर्त्या आल्या. सुलक्षणाताई त्यांचं नाव. पोरीला झोळण्यात घालून काट्याला लटकवलं. वजन थोडं उतरलं होतं. "पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं. पण मागेल तेव्हा दूध द्या हं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी माझ्यावर दुपटी वाळत घातली होती, म्हणून मी त्यांना दिसलो नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मान हलवणं हा आपल्याकडचा सगळ्यात सोपा व्यायाम. त्याने अंगाला काही होत नाही आणि डोक्यालाही.

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव ठेवलं भूमिका. घुगऱ्या वाटल्या, गाणी झाली, आणि तेवढ्या गोंगाटात ती एकदाही रडली नाही. सगळ्यांनी वाहवा केली. "काय शहाणी पोर शे!" प्रेमराज त्या दिवशी आला होता. माझ्यावरच्या सगळ्या खुणा भरलेल्या बघून त्याची छाती फुगली. "बघ रत्ना, लागली ना सवय?"

सवय नव्हती लागली. रडायची ताकद संपली होती. खोलीभर माणसं आणि एकालाही ते कळलं नाही. मला कळलं होतं, आणि मी तिच्याविरुद्धचा कागद अंगावर घेऊन गुपचूप उभा होतो. तेव्हा माझी घृणा फक्त तुमच्यावर आहे असं समजू नका.

चौदाव्या दिवशी सकाळी सुलक्षणाताई पुन्हा आल्या. पोरीला काट्याला लटकवलं. त्यांनी आकडा वाचला, काटा हलवला, पुन्हा वाचला.

"चोवीसशे. जन्मली तेव्हा अठ्ठावीसशे होती ना?"

रत्नाने हो म्हणून मान हलवली.

"दिवसातून किती दुपटी ओली करते?"

रत्नाने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर दूध होतं, झोप होती, तारीख होती. त्याचा रकानाच नव्हता. "तीन... कधी दोनच," ती म्हणाली.

"दोन? सहाच्या वर पाहिजेत गं!" सुलक्षणाताईंनी पोरीच्या ओठाच्या कडेला बोट लावलं. तिने हळूच तोंड वळवलं, जेमतेम. "घे, आत्ता पाज हिला."

आणि रत्नाच्या तोंडून निघून गेलं, "अजून वीस मिनिटं आहेत."

 आपण काय बोललो ते रत्नाला स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं. तिची नजर माझ्यावर खिळली.

सुलक्षणाताईंनी तिच्या नजरेच्या दिशेने पाहिलं आणि मी त्यांना दिसलो. "ताई," त्या म्हणाल्या, "तू पाजतेस कुणाला? पोरीला का त्या पुठ्ठ्याला?"

रत्नाने पोरीला उराशी धरलं. पोरगी दोनदा चोखून थांबली. तिच्यात जोरच नव्हता. मग रिक्षा आली आणि मायलेकी सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथलं मला संध्याकाळी घरात बोलण्यातून कळलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दूध भरपूर आहे, मागितलं तेव्हा दिलं गेलं नाही, एवढंच. काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजा, पुन्हा पुन्हा छातीला लावा, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, आणि रोज वजनाला आणा. दोन दिवसांत वजन वाढलं नाही तर भरती करून घेऊ.

प्रेमराज दुपारच्या गाडीने आला. दारातच विचारलं, "कोणती वेळ चुकली?"

तेव्हा द्रौपदाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. जावयासमोर त्या आजवर मान वर करून बोलल्या नव्हत्या. "जावाईबापू, तुमनी मरजाद ठेवी म्हनीसन मी गप ऱ्हायनू. पोर मन्ही वाळी गई. आते तुम्ही पोरनी मरजाद ठेवा."

"आई, मी तिच्या चांगल्यासाठीच केलं. वेळेवर पाणी दिलं तर केळीची बागसुद्धा..."

"बागेला पाणी कमी पडलं, हे तुम्हाला कशावरून कळतं?" रत्ना मध्येच म्हणाली. तिच्या हातात वाटी-चमचा होता आणि आवाज अगदी थंड होता. "घड्याळावरून?"

"नाही. पानावरून. पान मिटायला लागतं."

"मग पाणी वाढवता? का व्हॉल्व्हची वेळ व्हायची वाट बघता?"

प्रेमराजने हातातली पिशवी खाली ठेवली.

"केळीचं पान बघता तुम्ही. लेकीचं तोंड कधी बघितलं? मी रोज फोटो पाठवला. पुठ्ठ्याचा पाठवला, आणि तुम्हीही तोच मागितला."

प्रेमराज पोरीजवळ बसला. त्याने तिच्या मुठीला बोट लावलं. मग तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मी पाहिलेल्या त्याच्या सगळ्या कामांत एवढं एकच काम मला पटलं.

पुढचे दोन दिवस त्याने रजा काढली. वाटी-चमचा तो उकळायचा, दुपटी तो धुवायचा आणि मोजायचा. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या सकाळी दवाखान्यातल्या काट्यावर साठ ग्रॅम वाढलेले दिसले आणि भरती टळली. घरी येताच रत्नाने माझ्यावरचा कागद टराटरा फाडला. चारही भोकं मोकळी झाली. वारा माझ्यातून आरपार गेला. सावदा सोडल्यानंतर पहिल्यांदाच.

मग तिने माझ्या उघड्या अंगावर, तिरक्यातिरक्या ओळींत लिहिलं : मूठ चोखते, दूध. तोंड फिरवते, पुरे. डोळे चोळते, झोप. तीन तास उठली नाही, तर उठवायचं. दिवसा उजेडात गप्पा, अंधार पडला की हळू बोलायचं. एवढंच. दूध, खेळ, झोप हा क्रम पोरगी स्वतःच धरायला लागली. वेळा रोज थोड्या इकडेतिकडे होतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. लवचीक म्हणतात ते याला.

आज भूमिका अठ्ठावीस दिवसांची झाली. सुलक्षणाताईंनी मघाशी वजन केलं, तीन किलो भरलं. आता ती माझ्या समोरच्या झोळीत, भूक लागली म्हणून गल्ली डोक्यावर घेतेय. एवढा सुंदर आवाज मी ऐकलेला नाही. मी भिंतीला खिळ्यावर लटकलोय. भिजलेला कोपरा कुजायला लागलाय, एकदोन महिन्यांत मला चुलीत घालतील. खुशाल घाला. पण माझ्या जागी दुसरा पुठ्ठा टांगाल, तर त्याची भोकं बुजवू नका. आणि त्यावर काहीही लिहायच्या आधी, ज्याच्यासाठी लिहिताय त्याच्या तोंडाकडे एकदा बघा. मी तुमच्यावर विश्वास टाकत नाही. फक्त सांगून ठेवतोय.

प्रेमराज आजही आलाय. पोरगी रडताच त्याचा हात सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे गेला, मग ओशाळून मागे आला, आणि त्याने तिला उचलून रत्नाकडे दिलं. ओट्यावरून चिंधानानांनी ते बरोबर टिपलं.

"जावाईबापू," तंबाखू मळत ते म्हणाले, "मन्ही सारी नौकरी टाइमटेबल देखामा गई. पन झेंडी दखाडी ती गाडी समोर उनी तव्हयच."