आप्पांची गाडी हवा खाते

माकणीच्या शंभुलिंगआप्पांना दोनच गोष्टींचा गर्व होता. एक त्यांची जुनी पांढरी पेट्रोल गाडी आणि दुसरा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा जावई. दिवाळीनंतर गाडीनं दगा दिला आणि गर्वाचा सगळा भार एकट्या जावयावर आला.

पळताना गाडी बरी असायची. थांबली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. समोर इंजिनाचा पिवळा दिवा कायम लागलेला. आप्पांनी तोडगा काढला होता. गाडी उभी असली तरी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा नाही. वीरप्पाच्या घरी मयत झाली तेव्हा आप्पा भेटायला गेले आणि दारात गाडी गुरगुरत ठेवून, खिडकीतूनच हात जोडून परत आले.

"दुसऱ्याच्या दुःखात बी आप्पांना घाई," गाव म्हणालं.

ते कानावर आलं तेव्हा आप्पांनी पुण्याला फोन लावला.

जावई विरेश आला तो काडेपेटीएवढं मशीन घेऊन. आप्पांनी अंगणात मुद्दाम माणसं जमवली होती, चहा ठेवायला लावला होता. विरेशनं मशीन स्टिअरिंगखाली खोचलं आणि मोबाइलकडं बघत भुवया ताणल्या.

"मामा, इंजिनात हवा जास्त जातेय, पेट्रोल कमी पडतंय. ऑक्सिजन सेन्सर गेलाय."

मोबाइलवर फक्त हवा जास्त एवढंच आलं होतं. सेन्सर गेल्याचं विरेशनं पदरचं जोडलं होतं. पण आप्पांनी लोकांकडं असं बघितलं, जणू त्या मशीनलाच त्यांनी पोरगी दिली होती.

"ऐकलं का? डॉक्टरला सुद्धा इतक्या लवकर रोग सापडत न्हाय."

लोहाऱ्याच्या बंडप्पा मिस्त्रीनं सेन्सर बदलला. दिवा विझला आणि लगेच पुन्हा लागला. विरेशनं फोनवरूनच निदान फिरवलं, "मग हवा मोजणारा सेन्सर असणार." बंडप्पानं तोही बदलल्याचं सांगून पैसे घेतले. बंडप्पा कशालाच नाही म्हणत नसे. आप्पांनी बैलगाडीचं चाक बसव म्हटलं असतं तरी त्यानं "मागवावं लागंल" एवढंच सांगितलं असतं.

थरथर होती तशीच राहिली.

"अहो, झाकण उघडून आत कुणी बघितलंय का?" मल्लम्मानं एकदा नवऱ्याला विचारलं.

"झाकण उघडायचा जमाना गेला. आता सगळं मोबाइलवर दिसतंय."

"मग गाडी बी मोबाइलवरच चालवा की."

संक्रांतीला विरेश आणि आप्पांची लेक श्रीदेवी आले, तेव्हा सगळी देवीला तुळजापूरला निघाली. पार्किंगच्या अलीकडं गाड्यांची रांग लागली होती. आप्पांचा पाय दुखायला लागला, त्यांनी क्षणभर उचलला आणि गाडी मेली. मागून सोलापूरच्या बसनं हॉर्नवर हातच ठेवला. दोन बाया खिडकीतून डोकावून गेल्या.

विरेश ड्रायव्हरच्या जागी बसला, मशीन खोचलं आणि गाडी चालू केली. गाडी पुन्हा थरथरू लागली. आप्पांना आता लाज वाटत होती. काहीतरी करतोय एवढं तरी दिसावं म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं.

आतून साप फुसफुसावा तसा आवाज येत होता. आप्पा दचकले, मग वाकले. फिल्टरच्या डब्यामागं एक रबरी पाइप बुडाशी फाटली होती. आप्पांनी त्या भोकावर अंगठा दाबला.

गाडी शांत झाली. पान्हा सुटलेल्या म्हशीसारखी एकदम गप्प.

"मामा!" आतून विरेश ओरडला. "झालं! मी रीसेट मारला!"

आप्पांनी अंगठा काढला. गाडी हादरली.

"थांबा, पुन्हा मारतो!"

आप्पांनी अंगठा ठेवला. गाडी शांत.

"बघितलं? सॉफ्टवेअरचाच प्रॉब्लेम होता!"

मल्लम्मा शेजारी उभी राहून हे सगळं बघत होती. ती हळूच म्हणाली, "आता तुळजापूरहून माकणीपर्यंत असंच बोट लावून पळत येनार का तुमी?"

तेवढ्यात श्रीदेवी उतरून आली. तिनं आत बघितलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, ही पाइप फाटलीय. दिवाळीत फिल्टर साफ करतो म्हणून तुम्हीच ओढून काढली होती की."

विरेश खाली उतरला. त्यानं पाइप बघितली, सासऱ्याचा अंगठा बघितला.

"म्हणजे मशीन बरोबरच होतं," तो म्हणाला. "हवा जास्त, असं ते पहिल्या दिवसापासून सांगत होतं."

"व्हय," आप्पा म्हणाले. "आनि खरं सांगणाऱ्या सेन्सरलाच आपन काढून टाकलं."

फुलवाल्याकडून चिकटपट्टी घेऊन त्यांनी पाइप गुंडाळली. दर्शन झालं. येताना गाडी गाईसारखी आली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात लोकांनी गाडी कशी बरी झाली ते विचारलंच. आप्पांच्या ओठांवर खरं आलं होतं. पण ज्याला चहा पाजून अंगणात मिरवलं, त्याला आता कुठल्या तोंडानं खाली पाडायचं?

"बंडप्पानं पाइप फाडली होती. आमच्या जावयानं हुडकली."

संध्याकाळच्या आत बंडप्पा फटफटीवरून दारात हजर.

"आप्पा, माझं नाव खराब केलं तुमी! त्या फिल्टरकडं म्या बोट लावलं न्हाय. त्या बाजूचा एक स्क्रू सुद्धा कधी ढिला केला न्हाय!"

"एक बी न्हाय?"

"देवाची शपथ!"

"मग पैसे घेतलेस तो हवेचा सेन्सर कुठं बसवलास? तो तर तिथंच असतो म्हनं."

बंडप्पा फटफटीचा आरसा पुसायला लागला. आप्पांना त्याची मानगूट धरायची होती, हात उचललाही होता. तेवढ्यात बंडप्पाची नजर ओसरीवर गेली. तिथं विरेश शेजाऱ्यांना मशीन दाखवत बसला होता.

"मग पाइप ओढली तरी कुणी, आप्पा?" बंडप्पानं अगदी अदबीनं विचारलं.

आप्पांचा हात खाली आला.

"उंदीर लई झालेत यंदा," आप्पा गाडीकडं बघत म्हणाले.

"लई," बंडप्पा म्हणाला. "रबर तर सोडतच न्हायत."

"चहा ठेवते," आतून मल्लम्मा म्हणाली. "उंदरांनी हात धुवून ओसरीवर यावं."