कुणाची मिश्री

शाळेची चिठ्ठी वाचून मुक्ताला काळजी वाटायला हवी होती. तिला आनंद झाला.

दातांचे डॉक्टर शाळेत येऊन गेले होते. तिच्या आठ वर्षांच्या ईशानीच्या हिरड्या खराब निघाल्या, आणि पोरीला विचारून मॅडमनी खाली लिहिलं होतं, "बच्ची को मिश्री देना तुरंत बंद करें." काशीत मिश्री म्हणजे खडीसाखर. पूजा आटोपली की ईशानीच्या तळहातावर खडीसाखर ठेवणारी कोण, तर थोरली जाऊ गीता. अकरा वर्षांनी जाऊ तावडीत सापडली होती.

दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्या घरात दोघींचं कशावरूनच पटत नसे. पाण्याचं भांडण परवडलं, पण पोरगी आपलं सोडून काकूचं ऐकते हे मुक्ताला फार सलायचं. रोज सकाळी ती नळाशी बसून मिसरी लावायची. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड साताऱ्याहून, माहेराहून यायची. बोट तोंडात तसंच ठेवून ती लेकीवर ओरडायची, "ब्रश कर. मागचे दात घास." ब्रश आणायचा हिनं, पेस्ट आणायची हिनं आणि लाड मात्र दुसरीचे.

तिनं चिठ्ठी गीतापुढे टाकली. "वाचा. देवाच्या नावाखाली पोरीचं तोंड नासवलंत तुम्ही."

गीता काशीतच वाढलेली. "एक खडा देते मी, तो पण पूजेनंतर. इतक्यानं दात बिघडतात होय?"

"मग काय शाळा खोटं लिहिते? यापुढे माझ्या मुलीच्या हातावर काही ठेवायचं नाही. मी शिकवायचं आणि तुम्ही बिघडवायचं, हे बास झालं."

मुक्ताचा नवरा नीलकंठ पेपरात तोंड खुपसून बसला. घरात आवाज चढला की त्याला बातम्या फार महत्त्वाच्या वाटत.

गीताला मूल नव्हतं. तिचा चेहरा पार उतरला. "नाही देणार," ती म्हणाली. मुक्ताला ते ऐकून गार वाटलं, खोटं कशाला बोला.

पाठीवरचं दप्तर न उतरवताच ईशानी दारात उभी होती. "काकूला का बोलतेस? मॅडमनी विचारलं, दाँत किससे साफ करती हो. मी सांगितलं, मिसरी से. त्या हसल्या, बोलल्या, मिश्री खाते हैं, पगली."

"कसली मिसरी?" मुक्तानं विचारलं.

"तुझी, डब्यातली. तू नळावरून उठलीस की मी लावते. ब्रश मी नुसता भिजवते."

नीलकंठनं पेपर खाली ठेवला. गीतानं चिठ्ठीची घडी घालून ती मुक्ताला परत दिली, आणि तेच मुक्ताला जास्त झोंबलं.

"ब्रश काय शोभेला आणला होता?" तिचा आवाज चिरकला.

"तू कुठे करतेस ब्रश?" ईशानी सरळ म्हणाली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं.

"आजपासून त्या डब्याला हात लावलास तर बघ."

"आज नाहीच लावली. डबा तू वर ठेवलास." ईशानीनं कपाळ दाबलं. "सकाळपासून डोकं चढलंय."

हे शब्द मुक्ताचे होते. मिसरी चुकली की ती स्वतः हेच म्हणायची, असंच कपाळ दाबून. पोरीचं कपाळ बघायला तिनं हात पुढे केला, तर मार बसणार असं वाटून ईशानी काकूच्या पदराआड शिरली.