शुक्रवारी पाचच्या आत

"अगं क्लिओटा, तीस वर्षं चर्चमध्ये तुझ्या मांडीला मांडी लावून गातेय मी! आणि आता मी कोण, ते ओळखपत्राच्या कार्डावर बघणार तू?"

"प्रभू तुला ओळखतो, मीही ओळखते. कायदा ओळखत नाही, ऑर्डेल. कार्ड दाखव."

मतदान संपायला दहा मिनिटं उरलेली, आणि केंद्राच्या टेबलामागे आज क्लिओटा बसलेली. सकाळपासून ऑर्डेल मॅबरीने चर्चच्या गाडीतून अकरा म्हाताऱ्यांना इथे आणून सोडलं होतं. "कार्ड घेतलंस ना?" असं एकेकाला बजावलं होतं. तिचं स्वतःचं कार्ड मात्र रविवारच्या पर्समध्ये, घरी खुंटीला.

"म्हणजे माझं मत बुडालं?" ऑर्डेलने विचारलं. रुग्णालयाची बस ठेवायची की बंद करायची, हे आज ठरणार होतं. त्याच बसने तिची बहीण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची.

"बुडतंय कशाला? तात्पुरतं मत दे. पत्रिका भर, या पाकिटात घाल, वर सही कर. शुक्रवारी पाचच्या आत निवडणूक कचेरीत कार्ड दाखवलंस, की पाकीट उघडून मत मोजतील. नाही दाखवलंस, तर पाकीट कायमचं बंद."

बुधवारी आकडे आले. बस बंद करणारे दोन मतांनी पुढे, आणि नऊ पाकिटं अजून बंद! पण बुधवारचा दिवस चर्चच्या सभेसाठी चिकन तळण्यात गेला, गुरुवारचा बहिणीपाशी. स्वतःचं काम नेहमीसारखं शेवटी.

शुक्रवारी दुपारी सभेत मेम्फिसहून आलेले धर्मगुरू, रेव्हरंड, प्रवचनाला उभे राहिले. चारच्या पुढे त्यांचं बोलणं हळूच सुरात शिरलं, ऑर्गन मागे धावू लागला. बायबलातली, शंभरातल्या एका हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती.

"नव्याण्णव मेंढरं आली मेंढवाड्यात!"

"आली, आली!" लोकांनी साथ दिली.

"मग एक कुठं राहिलं?"

ऑर्डेलला आपलं बंद पाकीट आठवलं. नजर घड्याळाकडे गेली. चार वीस! प्रवचनाला सूर लागल्यावर ती जन्मात कधी उठली नव्हती. प्रभूच्या दारातून उठायचं तरी कसं? पण कार्ड असलेली रविवारची पर्स छातीशी धरून ती उठलीच.

"मदर मॅबरी, निघालात कुठे?" रेव्हरंडांनी गातच विचारलं; चर्चमधल्या ज्येष्ठ बायकांना सगळे 'मदर' म्हणत.

"मोजून घ्यायला, रेव्हरंड!"

"ऐकलंत? ते एक मेंढरू निघालंय!" सगळं चर्च टाळ्यांनी दणाणलं.

चार बावन्नला ती धापा टाकत कचेरीच्या खिडकीशी पोचली. कारकुनाने कार्ड पाहिलं, पाकिटावरची सही ताडली, शिक्का मारला.

"आता उघडणार?"

"उघडणार, बाई. आणि मोजणारही."

ती परतली, तर रेव्हरंड अजून गातच होते. घामाने भिजलेले, रुमाल हातात.

"अरे, ते एक कुठं राहिलं?"

"आलं!" दारातूनच ऑर्डेल ओरडली. "आलं, आणि आता मोजतीलही!"